फादर, दहा मिनिटं द्या: अवयवदानाबद्दल आपल्या धर्मगुरूंना खुलं पत्र

मराठी भाषक कॅथलिक धर्मग्रामांतील आदरणीय धर्मगुरूंना आणि धर्मग्राम परिषदांच्या सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

यंदा, २०२५ साली, ३ ऑगस्ट रविवारी आला होता. हा भारतीय अवयवदान दिन. १९९४ साली याच तारखेला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाळ यांच्या पथकाने मेंदूमृत दात्याचं हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवण्याची देशातली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या दिवशी, ४ ऑगस्टला, धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन व्हियान्नी यांचा सण. दोन्ही दिवस असे लागून आलेले पाहून मी जूनमध्येच आमच्या चर्चच्या ऑफिसात अर्ज दिला होता. मागणी एवढीच होती की रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे सामुदायिक उपासनेनंतर, दहा मिनिटं अवयवदानावर बोलू द्यावं, आणि बाहेर मंडपात नोंदणीसाठी एक टेबल मांडू द्यावं.

जुलैअखेर तोंडी उत्तर मिळालं. विषय नाजूक आहे, लोक बिथरतील, पुढे बघू. पुढे म्हणजे कधी, असं विचारल्यावर २ नोव्हेंबरचं नाव निघालं. मृतांचा दिवसही यंदा रविवारीच होता. तो जवळ आला तेव्हा पुन्हा गेलो, तर म्हणाले, मृतांच्या दिवशी हा विषय बरा दिसत नाही.

त्या संध्याकाळी पत्नीच्या कबरीवर मेणबत्ती लावून घरी आलो आणि हे पत्र लिहायला घेतलं. चर्चचं नाव मुद्दामच घालत नाही, कारण तक्रार एका चर्चपुरती नाही आणि मला कुणाला खाली पाहायला लावायचं नाही. ज्या धर्मग्रामांत हे काम आधीच सुरू आहे, तिथल्या फादरांनी हे पत्र आपल्याला लावून घेऊ नये.

माझं यात काय अडलं आहे, ते आधी सांगतो.

माझी पत्नी पाच वर्षं डायलिसिसवर होती. आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेला चार तास. आम्ही वसई तालुक्यातले, घराला लागून केळीची वाडी. तिच्या माहेरी सुकेळी वाळत घालायची पिढीजात रीत. आणि डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दिलेल्या यादीत सर्वांत वर केळं होतं. पोटॅशियम वाढतं म्हणून नारळपाणी बंद, मिठामुळे सुकी मासळी बंद, बटाटा पाण्यात तासन्‌तास ठेवून मगच शिजवायचा. दिवसभरात पाणी, चहा, डाळीचं पाणी सगळं धरून एक लिटर. मे महिन्यात ती बर्फाचा खडा तोंडात धरून ओट्यापाशी उभी राहायची. डायलिसिससाठी तिच्या डाव्या हातात फिश्चुला केला होता, म्हणजे शीर आणि धमनी एकत्र जोडलेली. रात्री त्या हाताशी कान नेला की आतून घरघर ऐकू यायची. ती घरघर चालू आहे याची खात्री करूनच मी झोपायचो.

माझी किडनी चालली नाही, मला मधुमेह. तिच्या बहिणीचा रक्तगट जुळला नाही. भाऊ तयार होता, पण त्याच्या घरात लहान मुलं, घरच्यांना धीर झाला नाही. मी आजही त्यांना दोष देत नाही. मग मृत दात्याच्या किडनीसाठी मुंबई विभागाच्या प्रतीक्षायादीत नाव घातलं.

त्या यादीतून आम्हाला एकदाच फोन आला. रात्री दोन वाजता. काही खाऊ-पिऊ नका, लगेच निघा. एका किडनीसाठी एकाहून जास्त रुग्णांना बोलावतात. रक्त दात्याच्या रक्ताशी जुळवून बघतात, यादीतला क्रम बघतात, मग ठरतं. सकाळी नऊला कळलं की किडनी दुसऱ्या कुणाला गेली. कुणाला, ते सांगत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. परतताना तिने गाडी चर्चपाशी थांबवायला लावली. आत जाऊन बाकावर बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, ज्याला मिळाली त्याच्यासाठी बोलून आले, आता त्याचं तरी नीट होऊ दे.

ती यंदाच्या फेब्रुवारीत, राखेच्या बुधवारच्या आदल्या आठवड्यात गेली. हृदय थांबलं. घरीच. तिने आधीपासून बजावून ठेवलं होतं की माझे डोळे तरी द्या. पंखा बंद केला, उशी उंच केली, मिटलेल्या डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या आणि नेत्रपेढीला फोन केला. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. माणसं तासाभरात आली, अर्ध्या तासाच्या आत त्यांचं काम झालं. चेहऱ्यात काही फरक दिसत नव्हता.

संध्याकाळी घरात रोझरी चालू असताना मागच्या रांगेतून एक वाक्य आलं. हळू आवाजात, पण मला ऐकू आलं. "आंधळी करून पुरणार तिला? शेवटच्या दिवशी उठेल तेव्हा काय?"

बोलणारी बाई वाईट नव्हे. पाच वर्षांत तिने आमच्याकडे कितीदा तरी जेवणाचे डबे पोचवले. शेवटच्या दिवशी मृत देहासह उठतील ही आपली श्रद्धा, त्यामुळे तिच्या मनातली भीती खरी होती. फादर तिथेच होते, त्यांनीही ते ऐकलं. त्यांनी मान खाली घातली आणि रोझरी पुढे चालू राहिली.

फादर, माझी पहिली तक्रार त्या मान खाली घालण्याची आहे. त्या बाईला उत्तर हवं होतं आणि उत्तर तुमच्याकडे आहे, आपल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातच आहे. परिच्छेद २२९६ सांगतो की मृत्यूनंतरचं अवयवदान हे उदात्त आणि पुण्याचं काम आहे आणि त्याला उत्तेजन द्यायला हवं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या परिपत्रकात त्याची गणना रोजच्या जगण्यातल्या पराक्रमांत केली. २९ ऑगस्ट २००० रोजी ते रोममध्ये प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांच्या जागतिक परिषदेपुढे गेले आणि मेंदूचं कार्य पूर्णपणे व कायमचं थांबलं की माणूस मृत समजण्याचा निकष, काटेकोरपणे लावला तर, ख्रिस्ती विचाराशी विसंगत नाही असं त्यांनी सांगितलं. पोप बेनेडिक्ट सोळावे पोप होण्याआधी कित्येक वर्षं दात्याचं कार्ड बाळगत होते. यातलं काय आमच्या व्यासपीठावरून कधी वाचलं गेलं? मी साठी ओलांडली, रविवारचा मिस्सा क्वचितच चुकवला. मी एकदाही ऐकलेलं नाही.

देह अखंड राहिला पाहिजे, या भीतीला तर आपल्या अगदी जवळचं उत्तर आहे. जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या शवदर्शनाला आपल्याकडून बसगाड्या भरून जातात, मागच्या वर्षाअखेरीसही गेल्या. त्या संताचा उजवा हात तिथे नाही. १६१४ साली तो रोमला नेला आणि आजही तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. एका हाताविना हा संत शेवटच्या दिवशी कसा उठेल, असं आजवर कुठल्या भाविकाने विचारलं? चर्चने दहनालाही १९६३ पासून परवानगी दिलेली आहे. राखेच्या बुधवारी आमच्या कपाळावर राख लावताना, तू माती आहेस, असं तुम्हीच सांगता. माझ्या पत्नीला पुरल्यानंतर आठवड्याभराने मी ती राख कपाळावर घेतली, आणि त्या बाईच्या प्रश्नाला एवढं एक वाक्यही पुरलं असतं, असं मला तेव्हा वाटत राहिलं.

दुसरी तक्रार मोठी आहे, कारण ती आमच्या घरात आमच्याकडून काय होतं त्याची आहे. अवयवदानाचं कार्ड पाकिटात असून भागत नाही. माणूस मेंदूमृत झाला की आपल्याकडे शेवटी घरच्यांची संमती लागते. अतिदक्षता विभागात चार डॉक्टर तपासणी करतात, सहा तासांच्या अंतराने दोनदा, आणि त्यांच्यात प्रत्यारोपण करणारा एकही नसतो. मग रुग्णालयातला प्रत्यारोपण समन्वयक येऊन बायकोला, आईला, मुलाला विचारतो. व्हेंटिलेटरमुळे छाती वरखाली होत असते, अंग गरम असतं. अशा घटकेला कोणी नव्याने विचार करू शकत नाही. वर्षानुवर्षं मनात जे बसलेलं असतं तेच तोंडून येतं. जेवणाच्या पानावर कधी हा विषय निघाला असेल, आपल्या फादरांनी कधी काही सांगितलं असेल, तर होकार येतो. काहीच ऐकलेलं नसेल तर माणूस म्हणतो, आपल्या धर्मात चालत नसेल बहुतेक. तुम्ही मना केलेलं नाही हे मला ठाऊक आहे. पण तुमचं गप्प राहणं आमच्या घरात 'नको' म्हणूनच ऐकू येतं.

आणि त्या घटकेला तिथे कोण असतं? तुम्ही असता. आजाऱ्याला पवित्र तेल लावायला घरची माणसं तुम्हालाच बोलावतात, समन्वयकाच्या आधी. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आपल्या गावांना लागून जातो. त्या रस्त्यावर डोक्याला मार लागून गेलेली तरुण मुलं आपल्यातल्या कितीतरी घरांनी पाहिली आहेत. अशा मुलाचा बाप व्हरांड्यात तुमचा हात धरून विचारतो, फादर, काय करू? त्या वेळी तुम्हाला ब्रेन डेड आणि कोमा यांतला फरक सांगता आला पाहिजे. कोमातला माणूस परत येऊ शकतो, मेंदूमृत माणूस येत नाही, एवढं तरी. एका दात्याचं हृदय, दोन फुफ्फुसं, यकृत, दोन किडन्या, स्वादुपिंड आणि आतडं मिळून आठ जणांपर्यंत पोचू शकतं. पण हृदय बाहेर काढल्यावर साधारण चार तासच टिकतं. विचार करायला सवड नसते.

आता फादर डेव्हिस चिरामेल यांच्याबद्दल.

हे नाव आमच्या भागात फारसं कुणी ऐकलेलं नाही, याचंच मला वाईट वाटतं. केरळमधल्या त्रिशूर जिल्ह्यात वाडानप्पळ्ळी नावाचं गाव आहे, तिथल्या चर्चचे ते धर्मगुरू होते. गावातला एक इलेक्ट्रिशियन, हिंदू माणूस, किडन्या निकामी होऊन पडला. गावाने मदतीसाठी समिती केली, फादर तिच्यात पुढे होते. आपणही अशा समित्या करतो: पत्रक काढतो, मिस्सानंतर पेटी फिरवतो, फलकावर रक्कम लिहितो. पण पैसे जमले तरी किडनी कुठून आणायची? २००९ साली फादर चिरामेल यांनी स्वतःची किडनी त्या माणसाला दिली. ना नात्याचा, ना जातीचा, ना धर्माचा.

ते तिथेच थांबले नाहीत. त्यांनी किडनी फेडरेशन ऑफ इंडिया सुरू केली आणि शाळा, कॉलेजं, चर्चं फिरत लोकांशी बोलू लागले. २०११ साली व्ही-गार्डचे उद्योगपती कोचौसेफ चिट्टिलप्पिळ्ळी यांनी आपली किडनी एका ट्रक ड्रायव्हरला दिली. त्या ड्रायव्हरच्या पत्नीने स्वतःची किडनी आणखी एका रुग्णाला दिली आणि साखळी पुढे गेली. ज्यांच्या घरात कुणाची किडनी कुणाला जुळत नव्हती, त्यांना त्यातून वाट मिळाली. आमच्यासारख्या घरांना. पुढे २०१६ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी जाहीर केलेल्या करुणेच्या वर्षात, पाला धर्मप्रांताचे सहायक बिशप जेकब मुरिकन यांनी पदावर असताना एका हिंदू तरुणाला किडनी दिली. केरळमधल्या आणखी कितीतरी फादर आणि सिस्टर त्याच वाटेने गेल्या.

मी या माणसाबद्दल पहिल्यांदा डायलिसिस सेंटरमध्ये ऐकलं. तिथली एक मल्याळी नर्स सुई लावता लावता पत्नीला सांगत होती. पत्नीने विचारलं, फादर आता कसे आहेत? नर्स हसून म्हणाली, फिरतात की गावोगाव. ते ऐकून पत्नी त्या दिवशी चारही तास गप्प होती. घरी आल्यावर म्हणाली, तिथल्या लोकांना सांगायला कोणीतरी आहे.

मी तुमची किडनी मागत नाही, हे इथे स्वच्छ लिहितो. जिवंतपणी परक्याला अवयव द्यायचा तर आपल्या कायद्यात प्राधिकार समितीची परवानगी लागते, आणि लागायलाच हवी, कारण गरिबाच्या किडनीचा बाजार याच देशात झालेला आहे. कुणावर, विशेषतः घरातल्या बायकांवर, जिवंतपणी किडनी देण्याचा दबाव यावा, असंही मला नको आहे. आपल्याकडे जिवंत दात्यांत बायकाच जास्त असतात आणि अवयव मिळणाऱ्यांत पुरुष. मेल्यानंतरच्या दानाने हाच भार हलका होतो. भारतात दहा लाख लोकसंख्येमागे मृत दाता एकसुद्धा नाही. स्पेनमध्ये चाळीसहून जास्त आहेत आणि गेली तीस वर्षं तो देश जगात पुढे आहे. त्यांची रुग्णालयातली समन्वयकांची व्यवस्था त्याला मुख्य कारण आहे, हे मला कळतं. पण तो परंपरेने कॅथलिक देश आहे. आपल्या श्रद्धेने तिथे कुणाचा हात धरून ठेवला नाही, हे मी त्या रोझरीच्या संध्याकाळी सांगू शकलो असतो, पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

आणखी एक सल आहे. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला तेव्हा तो सुरुवातीला ज्या मोजक्या राज्यांना लागू झाला, त्यांत महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश होते. म्हणजे आपण मराठी आणि कोकणी कॅथलिक लोक या कायद्याच्या छायेत पहिल्या दिवसापासून आहोत. तीस वर्षं झाली. एवढ्या काळात लग्नाआधीच्या शिबिरात, तरुणांच्या मेळाव्यात, ज्येष्ठांच्या दिवशी, कुठेच हा विषय का आला नाही? संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचा. १५९७ मध्ये नागासाकीला त्याने क्रुसावर देह ठेवला, आणि त्याच्या सणाला आपण देहार्पणावर प्रवचनं ऐकतो. त्यातल्या एखाद्या प्रवचनात आजच्या माणसाला काय देता येईल, हे एका वाक्यात तरी यायला हवं होतं.

माझ्या मागण्या फार नाहीत.

अवयवदान दिनाच्या जवळच्या रविवारी दरवर्षी एक प्रवचन या विषयावर व्हावं. पाहुणा डॉक्टर बोलावलात तर चांगलंच, पण चर्चची शिकवण काय ती तुमच्या तोंडून यावी. डॉक्टर किडनीबद्दल सांगेल; शेवटच्या दिवसाबद्दल त्याचं कोण ऐकणार?

त्याच दिवशी चर्चबाहेर नोंदणीचं टेबल असावं. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या (नोटो) संकेतस्थळावर आधार क्रमांकाने प्रतिज्ञा नोंदवता येते, पाच-दहा मिनिटांचं काम. सक्ती नको आणि कुणी किती नोंदणी केली याचे आकडे फलकावर नकोत. फॉर्म भरणाऱ्याला एकच सांगावं: आज घरी जाऊन हे बायको-मुलांना सांगा.

तुम्ही स्वतः नोंदणी करा आणि आम्हाला तसं सांगा. फादर चिरामेल यांचं लोकांनी ऐकलं, कारण आधी त्यांनी केलं होतं.

मृत्यूची खबर चर्चमध्ये आली की घंटा वाजते, मग कबरीची आणि मिस्साची वेळ ठरते. त्याच वेळी ऑफिसातून एक प्रश्न विचारला जावा, डोळे द्यायचे आहेत का? जवळच्या नेत्रपेढीचा फोन नंबर सूचनाफलकावर कायम असावा. घरी झालेल्या मृत्यूत किडनी, हृदय देता येत नाही, डोळे देता येतात. बहुतेकांना हा फरकच माहीत नसतो आणि सहा तास निघून जातात.

आणि सेमिनरीत शिकणाऱ्या ब्रदरांना वर्षातून एक दिवस तरी अतिदक्षता विभागातल्या समन्वयकाबरोबर बसवा. पुढे तो व्हरांडा त्यांच्या वाट्याला येणारच आहे.

लोक बिथरतील, असं तुम्ही म्हणालात. काही जण बिथरतील, मान्य. पण ज्या बाईने त्या संध्याकाळी तो प्रश्न विचारला, ती गेल्या महिन्यात माझ्याकडे आली होती. अंगणातल्या बाकावर बराच वेळ बसली आणि मग म्हणाली, तुमच्या हिचे डोळे ज्यांना बसवले ते आता बघत असतील ना? मी म्हटलं, असतील. नावं सांगत नाहीत. तिने विचारलं, माझे घेतील का, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मी नेत्रपेढीला विचारून सांगितलं, झालं असलं तरी डोळे देता येतात. तिने घरी मुलाला सांगून ठेवलं आहे. तिच्याशी याबद्दल व्यासपीठावरून कोणी एक शब्द बोललेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी ३ ऑगस्ट सोमवारी येतो, म्हणजे २ ऑगस्टचा रविवार मोकळा आहे. मी अर्ज पुन्हा देत आहे, या वेळी नऊ महिने आधी, आणि उत्तर लेखी मिळावं ही विनंती आहे. टेबल आणि चार खुर्च्या मी घरून आणीन. लॅपटॉपवर माझी मुलगी बसेल.

आपला,
वसई तालुक्यातील एक धर्मग्रामस्थ
नोव्हेंबर २०२५